अवंतिका एक्सप्रेसमधली बाटली

डिसेंबरात बहीण सासरच्या मंडळींबरोबर देवगडला गेली होती. रात्री किनाऱ्यावर लाटा फुटताना निळ्या उजळत होत्या. माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं ते पाणी एका रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. खोलीतले दिवे मालवून बाटली हलवली की आत ठिणग्या उठायच्या म्हणे. दोन दिवसांनी अवंतिका एक्सप्रेसनं बाटली इंदूरला आली. रामबागेतल्या घरी पडदे ओढले, दाराच्या फटीला चादर लावली आणि आम्ही सगळे गोल करून बसलो. हलवली. काही नाही. पुन्हा हलवली. नुसतं गढूळ, जरा वास मारणारं पाणी.

"मामा, मिठामुळे चमकत असेल का?" असं म्हणून तिनं नळाच्या पाण्यात चार चमचे मीठ ढवळून दुसरी बाटली तयार केली. (आमच्या नळाला येते ती नर्मदा, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेली. समुद्राशी तिची गाठ पडते ती पार भडोचच्या पुढे.) तीही बाटली अंधारीच.

मला हसू आलं, कारण हे दोन्ही प्रयोग अठराव्या शतकात होऊन गेले आहेत. समुद्रातला हा उजेड म्हणजे मिठाचे आणि पाण्याचे कण घासून तयार होणारी वीज, असं अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनला आधी वाटत होतं. मग त्यानं समुद्राचं पाणी बाटलीत भरून पाहिलं. सुरुवातीला हलवलं की चमके, काही तासांनी चमकेना. साध्या पाण्यात मीठ विरघळवलं, तर मुळीच चमकेना. आपल्याच कल्पनेवर शंका येऊ लागल्याचं त्यानं १७५३ साली पत्रात लिहून टाकलं. त्याच वर्षी बॉस्टनच्या जेम्स बोडननं त्याला सुचवलं, की हे पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांचं काम असावं. वादळात पतंग उडवून वीज पकडल्याच्या गोष्टीपेक्षा मला फ्रँकलिनची ही बाटली जास्त आवडते.

बोडनचा अंदाज बरोबर होता. आपल्या किनाऱ्यांवर हा उजेड बहुतेकदा नॉक्टिल्युका सिंटिलान्सचा असतो. पेशी एकच, पण खसखशीच्या दाण्याहून थोडीच लहान: पारदर्शक फुगा आणि त्याला एक शेपूट. आपण त्याला सरसकट शैवाल म्हणतो, पण तो खाऊन जगणारा जीव आहे. अरबी समुद्रातला नॉक्टिल्युका तर दोन्हीकडून जेवतो. शिकार करतोच, शिवाय पोटात हिरवी शैवालं पाळून त्यांनी उन्हात बनवलेलं अन्नही वापरतो. म्हणून त्याचा बहर आला की रात्री निळं दिसणारं पाणी दिवसा हिरवंगार असतं. हा बहर गेल्या दोनेक दशकांत बराच वाढला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं त्याचा धागा थेट हिमालयापर्यंत नेला. तिकडचा बर्फ घटल्यामुळे हिवाळी वारे पूर्वीइतके गार आणि कोरडे राहिले नाहीत, त्यामुळे समुद्राचं पाणी नीट ढवळलं जात नाही आणि खालचं पोषक पाणी वर येत नाही. अशा उपासमारीत दोन ताटांवर जेवणाऱ्याचं फावतं. माशांना त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला खातात ते सॅल्प (पाण्यात तरंगणारे पारदर्शक, लिबलिबीत प्राणी) आणि जेलीफिश. किनाऱ्यावर मोबाइल उंचावून उभे असलेले लोक आणि मच्छीमार यांना हा बहर सारखाच आनंद देत असेल, असं समजू नये.

आता ठिणगीकडे येऊ. अशा जीवांच्या पेशीत आम्लधर्मी द्रवानं भरलेली एक मोठी पोकळी असते. लाटेचा ताण बसून पेशीचं आवरण दबलं, की या पोकळीच्या पडद्यावरून विजेचा एक संकेत धावतो आणि पोकळीतलं आम्ल शेजारच्या बारीक कप्प्यांत शिरतं. तिथं ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) तयारच बसलेले असतात. आम्ल पोहोचताच ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि निळा प्रकाश पडतो. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपतो. गंमत म्हणजे हे ल्युसिफेरिन हरितद्रव्याच्या नात्यातलं आहे. पानं ज्यानं ऊन पकडतात, त्याच्याच भावकीतलं द्रव्य इथं उजेड सांडतं.

पण कशासाठी? सर्वांत पटणारं उत्तर असं: एखादा चिमुकला कवचधारी प्राणी पेशी खायला आला आणि ती चमकली, तर तो दचकतो. शिवाय त्या उजेडात तोच उघडा पडतो आणि त्याला खाणारा मासा धावून येतो.

हे सगळं मी भाचीला सांगत होतो. बंद बाटलीतली दाटी, कमी पडलेला ऑक्सिजन, आणि प्रत्येक धक्क्यासरशी खर्च झालेलं ल्युसिफेरिन. भीती वगैरे काही नसते त्यांना, मेंदूच नाही, हेही सांगितलं. ती बाटलीकडे बघत राहिली.

"म्हणजे गाडीत हलत होती तेव्हा ते चमकत होते?"

"जिवंत होते तोवर चमकत असणार."

"बाटली बॅगेत होती, मामा. कपड्यांच्या खाली." मग थोड्या वेळानं, "रतलामच्या आधी गाडी किती हलली होती."