मानाची वस्त्रे आणि मागावरचे लुगडे

सोलापुरात कापडाचा विषय निघाला की गोष्ट १८७७ साली चालू झालेल्या जुन्या गिरणीपासून सुरू होते आणि चादरीपाशी संपते. त्याआधीचे अठरावे शतक मात्र बाजूलाच राहते.

त्या शतकात अंगावरचे कापड ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे दिली, म्हणजे पदच दिले. १७७४ मध्ये तर साताऱ्याहून आलेली वस्त्रे सवाई माधवरावांना मिळाली तेव्हा ते अवघे चाळीस दिवसांचे होते! झगा अंगाला बसतो का, हे कोण पाहतो? पुण्याच्या दरबारातला जामा, म्हणजे लांब घेरदार अंगरखाही, मोगली वळणाचाच. दिल्लीशी लढाया झाल्या, पण दरबारी डौल तिथलाच राहिला.

खालच्या पायरीवर हेच कापड कुंपण बनले. सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसावे की नाही, यावर तंटे झाले. विधवेच्या वाट्याला आलवण, म्हणजे साधे तांबडे लुगडे आले. सधवा बायका सरदाराच्या घरच्या असोत की कुणब्याच्या, कासोट्याचे लुगडेच नेसत. फरक सुताच्या बारीकपणात, काठात, जरीत आणि रंगात. दुरून सारखे, जवळून अगदी वेगळे.

अडचण अशी की टिकले ते रेशीम. जामदारखान्यात, म्हणजे दरबारी मौल्यवान वस्त्रांच्या कोठारात जपलेले शेले, पैठण्या आज संग्रहालयांत दिसतात. जाडेभरडे लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची, पुढे चिंध्या. काचेआडचे वैभव पाहून तो काळ जोखणे म्हणूनच मला फसवे वाटते.

पेशवाईच्या काळापासून तेलंगणातली पद्मशाली कुटुंबे सोलापुरात येऊ लागली. साळी, कोष्टी, मोमीन विणकरांशेजारी तीही खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर बसली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी सोलापूरचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. दरबारी गिऱ्हाईक आटले, त्याचा फटका पैठणच्या रेशमाला बसला. सोलापूरचा माग प्रामुख्याने खेड्यातल्या बाईसाठी सुती लुगडी विणत होता. ते गिऱ्हाईक कुठे जाणार? त्यामुळे पुढे गिरण्या आल्या तरी इथले हातमाग थांबले नाहीत; गिरणीचेच सूत विकत घेऊन विणकरांनी लुगडी विणली.