श्वानपैदास व श्वाननोंदणी (कोल्हापूर जिल्हा)

श्वानपैदास व श्वाननोंदणी, कोल्हापूर जिल्ह्यातील : निवडलेल्या नर-मादीपासून ठरावीक जातीच्या कुत्र्यांची वीण घेणे, पिलांचे संगोपन व विक्री करणे आणि या सर्वांची रीतसर नोंद ठेवणे. ‘नोंदणी’ हा शब्द येथे तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो आणि बराचसा घोटाळा त्यातूनच होतो. कुत्र्याची वंशावळ केनेल क्लबाच्या (जातिवंत कुत्र्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) दप्तरी नोंदवली जाते, ही पहिली. पैदास करणाऱ्या माणसाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे होते, ही दुसरी. पाळलेल्या कुत्र्याचा परवाना स्थानिक स्वराज्य संस्थेकडून घ्यायचा, ही तिसरी. बोलण्यात ‘पेपरवालं पिल्लू’ म्हणतात ते फक्त पहिल्या अर्थाने. त्या पेपरवर बापाचे, आजोबा-पणजोबांचे नाव सापडते. पण ज्या मादीने ते पिल्लू जन्माला घातले तिची ही कितवी वीण, मागच्या विणीनंतर तिला विश्रांती मिळाली की नाही, हे त्यावरून कळत नाही. प्राणिकल्याणाच्या दृष्टीने दुसरी नोंदणी सर्वांत महत्त्वाची असून व्यवहारात तीच सर्वांत दुर्लक्षित आहे.

जिल्ह्यात लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन इत्यादी परदेशी जाती सर्वत्र पाळल्या जातात. त्यांच्याबाबत इतर शहरांहून वेगळे सांगण्यासारखे काही नाही. या भागाचे वैशिष्ट्य म्हणजे कारवान किंवा मुधोळ या नावांनी ओळखला जाणारा शिकारी कुत्रा. शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज या पूर्वेकडील व दक्षिणेकडील तालुक्यांत, तसेच लगतच्या सांगली व बेळगाव जिल्ह्यांत तो अधिक आढळतो. राधानगरी-गगनबावड्याच्या झडीच्या मुलखापेक्षा उघडा माळ त्याला मानवतो, हे त्याच्या अंगकाठीवरूनच ध्यानात येते : लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, तोकडे केस आणि कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच. तो वासापेक्षा नजरेवर शिकार धरतो. कान, पाय व शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या प्रकाराला ‘पशमी’ म्हणतात. ती निराळी जात मानावी की त्याच जातीचा उपप्रकार, याविषयी दुमत आहे.

उगम : या कुत्र्याच्या उगमाविषयी मुख्यतः तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तो पश्चिम व मध्य आशियातील सालुकी, ताझी या कुत्र्यांचा वंशज असून घोड्यांचे व्यापारी, अफगाण-पठाण शिपाई व तांडे यांच्याबरोबर दख्खनेत आला. ‘कारवान’ हे नाव तांडा या अर्थाच्या फार्सी शब्दावरून पडले असावे. दुसरे मत तो मूळचा दख्खनचाच असून बेरड, धनगर, वंजारी आदी समाजांनी शिकारीसाठी व राखणीसाठी केलेल्या निवडीतून घडला असे मानते. तिसरे मत त्याच्या घडणीचे श्रेय मुधोळच्या (आजच्या कर्नाटकातील) घोरपडे संस्थानिकांना देते.

पहिल्या मताला शरीररचनेतील साम्याचा आधार आहे. बहमनी व आदिलशाही काळात कोकण किनाऱ्यावरील बंदरांतून अरबी घोड्यांची मोठी आयात दख्खनेत होत असे. त्याच वाटेने कुत्रेही आले असणे असंभवनीय नाही. तथापि केवळ दिसण्यातील साम्यावरून थेट वंशसंबंध सिद्ध होत नाही. उघड्या मैदानावर वेगाने पळणाऱ्या जनावराच्या मागे सोडण्यासाठी निवडलेले कुत्रे कोठेही उंच, सडपातळ व खोल छातीचेच होत जातात. तिसऱ्या मताबाबत काळाचीच अडचण आहे : मुधोळच्या मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची पद्धतशीर पैदास केली, त्यापूर्वीच बेरडांकडे ते होते, असे मुधोळच्या परंपरेतच सांगितले जाते. त्यामुळे संस्थानाने जात निर्माण केली असे म्हणण्याऐवजी तिला जपले व नाव दिले असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. बाहेरून आलेले रक्त व स्थानिक निवड या दोहोंच्या संयोगातून, बहुधा काही शतकांच्या अवधीत, ही जात स्थिरावली, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. शिवकालीन सैन्यात हे कुत्रे होते असे आवर्जून सांगितले जाते. पण त्याचा आधार मौखिक परंपरेपलीकडे जात नाही.

मालोजीरावांनी इंग्लंडच्या भेटीत पाचव्या जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली व ‘हाउंड ऑफ मुधोळ’ हे नाव त्यावरून रूढ झाले, असे सर्वत्र नमूद होते. भेटीच्या वर्षाबाबत मात्र एकवाक्यता नाही. कोल्हापूरशी असलेला धागाही येथे नोंदवला पाहिजे. सेनापती कापशीचे घोरपडे व इचलकरंजीचे घोरपडे ही दोन्ही घराणी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील. त्यांपैकी इचलकरंजीकरांनी घोरपडे हे नाव आपल्या कापशीकर धन्यांच्या सन्मानार्थ घेतले. सोयरीक, जहागिरी व शिकार यांमुळे या मुलखात माणसांबरोबर कुत्र्यांचीही ये-जा झाली असावी. खुद्द कोल्हापूर दरबारच्या शिकारीची वर्णने मात्र पाळीव चित्त्यांनी केलेल्या काळविटाच्या शिकारीभोवती फिरतात आणि कुत्र्यांचे उल्लेख त्यांत त्रोटक आहेत. धनगरांच्या मेंढवाड्याची राखण करणारा धनगरी कुत्रा हा याहून वेगळा, जाड हाडाचा व दाट केसांचा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेच्या परिसरातील धनगर समाजात त्याला मान असला तरी लेखी वंशावळीची प्रथा तेथे नाही.

नावाचा वाद दप्तरातही उतरला आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरव्हॅन हाउंड’ या नावाने करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ या नावाने. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम व चिप्पीपराई यांच्यासह नोंदवलेल्या पहिल्या देशी श्वानजातींत ‘मुधोळ हाउंड’ हेच नाव घेतले असून तिचे मूलस्थान कर्नाटक दिले आहे. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी काढलेल्या श्वानजातींच्या चार तिकिटांवरही हेच नाव आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. कोल्हापूरच्या बाजूला अशी संस्था नाही. महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळला. परिणामी सीमेच्या अलीकडच्या गावातील कुत्रीची पिले कोणत्या नावाने नोंदवायची हे बहुतेकदा क्लब कोणता जवळचा यावर ठरते.

वीण व रक्तसंबंध : पैदासदारांच्या बोलीत मादी ‘माजावर’ किंवा ‘हीटवर’ येते, नराला ‘स्टड’ म्हणतात आणि एका वेळच्या पिलांना ‘लिटर’. गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा. माज साधारणतः सहा ते आठ महिन्यांनी येतो. पिलांचे डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ती आई, भावंडे व माणसे यांच्याशी वागणे शिकतात. महिनाभराचे पिल्लू टोपलीतून विकले जाते तेव्हा आईचे दूध तुटते आणि या शिकण्यातला मोठा भागही तुटतो. पुढे भेकड किंवा चावरा निघालेला कुत्रा ‘जातच तशी’ म्हणून रस्त्यावर सोडला जातो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

देशी जातींत गुंतागुंतीचा प्रश्न रक्तसंबंधाचा आहे. संख्या थोडी, त्यात नावाजलेले नर आणखी थोडे. त्यामुळे एकाच नराकडे दहा गावांच्या माद्या नेल्या जातात आणि दोन-तीन पिढ्यांत सगळेच एकमेकांचे नातलग होतात. बाप-मुलगी, आई-मुलगा किंवा सख्खी भावंडे यांच्या संकरातून झालेल्या पिलाचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो. सावत्र भावंडांचा १२.५ टक्के, चुलत-मामे भावंडांचा ६.२५ टक्के. हा आकडा म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची संभाव्यता. ती वाढली की दबलेले दोष वर येतात, पिलांची संख्या घटते व मरतूक वाढते. ‘रक्त शुद्ध राहावे’ म्हणून जवळच्या नात्यात वीण घेण्याची समजूत अजून टिकून आहे आणि ती जातीलाच घातक आहे. याच्या उलट टोकाला, शर्यतीसाठी वेग वाढावा म्हणून ग्रेहाउंडचा संकर करून ती पिले कारवान म्हणून विकण्याचा प्रकार. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे खरी वंशावळ लिहून ठेवणे. या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असल्याने भुलीच्या काही औषधांचा अंमल त्यांच्यावर अधिक काळ राहतो; नसबंदी वा शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकाला जात सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

कायदा : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० हा मूळ कायदा. त्याखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा. कुत्र्यांच्या पैदाशीवर स्वतंत्र नियम मात्र अर्धशतकाहून अधिक काळ नव्हते. विधी आयोगाने २०१५ मध्ये २६१ व्या अहवालात त्यांची शिफारस केली आणि २०१७ मध्ये श्वानपैदास व विपणन नियम अधिसूचित झाले.

या नियमांनुसार राज्य मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय विक्रीसाठी पैदास करता येत नाही. नोंदणी शुल्क ५,००० रुपये असून मुदत दोन वर्षांची आहे. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी व ८ वर्षांची झाल्यानंतर तिची वीण घेता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक विणी घेता येत नाहीत. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. विकलेल्या पिलाला मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखक्रमांकाची चिप) व लसीकरणाची नोंद हवी. जन्म, मृत्यू, विक्री यांच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि मंडळाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला तपासणी करता येते. १८ महिने ते ८ वर्षे म्हणजे साडेसहा वर्षे. एवढ्या अवधीत मादी दहा ते तेरा वेळा माजावर येऊ शकते आणि नियम त्यांतील पाचच विणींना मुभा देतो. या एका तरतुदीचे पालन झाले तरी कितीतरी माद्यांचे आयुष्य बदलेल. लोंबत्या आचळांची, पाठीचे मणके मोजता येतील अशी, केस झडलेली कुत्री मागच्या गोठ्यात साखळीला आणि तिची गुबगुबीत पिले पुढच्या अंगणात गिऱ्हाइकासमोर, हे दृश्य कोणत्याही तालुक्यात अनोळखी नाही.

अंमलबजावणीचा भार व्यवहारात पशुसंवर्धन विभाग व जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती यांच्यावर येतो. मूळ अधिनियमातील शिक्षा मात्र काळाच्या फार मागे आहे : पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. एका पिलाच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही. प्राण्याला ठार मारणे वा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; पण सततच्या विणीने झिजवलेली मादी त्या कलमात सहजासहजी बसत नाही. कान कापणे व शेपूट तोडणे ही हौसेची शस्त्रक्रियाही १९६० च्या अधिनियमातील विच्छेदनाच्या तरतुदीच्या कक्षेत येते.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या आयात, पैदास व विक्रीवर बंदी घालण्याच्या सूचना राज्यांना दिल्या होत्या. संबंधितांचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले.

शर्यती : कोल्हापूर-सांगली भागात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने श्वानशर्यती भरतात व त्यातील यशावर नराची मागणी ठरते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मूळ अधिनियमात केलेली व सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवलेली दुरुस्ती बैलगाडा शर्यतींपुरती आहे; तिचा आधार श्वानशर्यतींना घेता येत नाही. आमिष म्हणून जिवंत ससा सोडणे हा तर क्रूरतेचा गुन्हा आहे आणि माळावर कुत्रे सोडून रानससा मारणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारच ठरते, मग तिला परंपरा म्हटले तरी.

स्थानिक परवाना : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये ऐच्छिक (महापालिकेने ठरवल्यास लावता येणाऱ्या) करांत कुत्र्यांवरील कराचा समावेश आहे. जिल्ह्यात कोल्हापूर (स्था. १९७२) व इचलकरंजी (स्था. २०२२) या दोन महानगरपालिका आहेत, पैदास मात्र मुख्यतः ग्रामपंचायतींच्या हद्दीत चालते. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ खाली स्थानिक संस्थांवर आहे.

ओळख पटवण्याचे खात्रीचे साधन मायक्रोचिप हेच. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचनळी दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते. वाचक यंत्र वरून फिरवले की १५ अंकी क्रमांक दिसतो. २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांसारख्या प्रसंगी गळपट्टा सुटून जातो, कातडीखालचा क्रमांक राहतो. मात्र तो क्रमांक मालकाच्या नावासह दप्तरी चढवलेला नसेल तर यंत्रावर नुसते आकडे उमटतात. म्हणून पिल्लू घेताना चिपचा क्रमांक लसपुस्तिकेवर लिहिला आहे का हे ताडून पाहावे, पैदासदाराचे मंडळाकडील नोंदणीपत्र मागावे आणि पिलाची आई जागेवर, साखळी सोडून, चालताना पाहावी.