लहान मुलांच्या बोटांच्या दुखापती

बोट चेमटणे, मुरगळणे, ठेच लागणे या बालवयातल्या नेहमीच्या दुखापती. मुंबईत त्यांची ठिकाणे ठरलेली आहेत. चाळीतले दार पावसाळी वाऱ्याने धाडकन आपटते, जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारात बोट सापडते, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू बोटाच्या टोकावर बसतो.

दारात बोट बिजागरीच्या बाजूने सापडले तर इजा अधिक खोल असते. नखाखाली रक्त साकळून ते काळेनिळे पडते, बोट ठणकते. असे नख पुढे गळालेच, तर नवे पुरते यायला तीन ते सहा महिने लागतात. खरे पाहायचे ते नखाच्या मुळाशी. मूळ कातडीच्या घडीतून वर आले असेल, तिथून रक्त येत असेल आणि पेर खाली वाकले असेल, तर हाड मोडून जखम आत हाडापर्यंत पोहोचल्याची शक्यता असते. त्याच दिवशी एक्स-रे हवा. उशीर झाल्यास हाडात जंतुसंसर्ग होतो.

‘बोट हलतंय ना, मग हाड शाबूत’ हा घरोघरीचा समज चुकीचा आहे. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो. सांध्याच्या बंधांपेक्षा तो नाजूक, म्हणून मुरगळल्यासारखे दिसणारे बोट तिथे मोडलेले असू शकते. मुलाला हळूच मूठ मिटायला सांगावी. एक बोट शेजारच्यावर चढत असेल तर हाड पिळले आहे. चेंडू लागल्यावर टोक लोंबले आणि सरळ होत नसेल तर टोक सरळ करणारी स्नायूची दोरी (टेंडन) तुटलेली असू शकते.

बोट ओढून ‘बसवू’ नये, चोळू नये. अंगठी, दोरा लगेच काढावा. जखम वाहत्या पाण्याने धुवावी, हळद-चुना भरू नये. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नये. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय 1929 पासून खास मुलांसाठी आहे, रुग्णवाहिकेसाठी 108.

पायाची धाकटी बोटे उंबरठ्याला ठेचाळली तर बहुधा शेजारच्या बोटाला बांधून बरी होतात. अंगठ्याच्या नखाच्या मुळातून रक्त आले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

तान्ह्या बाळाचे दुखणे वेगळेच. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि एखादा मोज्यात शिरून बोटाला आवळून बसतो. बाळ पोट भरलेले असूनही रडत राहते. मोजे काढून प्रत्येक बोट उजेडात पाहावे : सुजलेले, लालजांभळे टोक आणि बुडाशी बारीक खाच. खाच कातडीत रुतली असेल तर केस घरी ओढत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे.