यादीतून गळलेलं नाव आणि कोर्टात गाळलेलं नाव

अमेरिकेतल्या एखाद्या कोर्टात कृष्णवर्णीय आरोपी उभा आहे आणि ज्युरीच्या बाकांवरचे 12ही जण गोरे आहेत. ‘ही ज्युरी आमच्या समाजाची नाही’ अशी तक्रार होणारच, आणि ती रास्तही असू शकते. पण कोर्टात ती टिकवायची तर आधी सांगावं लागतं की कृष्णवर्णीयांची नावं गळली की गाळली. मराठीत हा फरक एका कान्याचा. अमेरिकी कायद्यात मात्र हे दोन वेगळे दावे आहेत, त्यांचे पुरावे वेगळे आणि वेळाही वेगळ्या.

नावं गळतात ती खटल्याच्या कितीतरी आधी. मतदार यादी, बऱ्याच ठिकाणी वाहन परवान्यांची यादी, यांतून नावं काढून समन्स पाठवतात. जे हजर होतात त्यांच्यातून शेवटी ज्युरी निवडली जाते. हजर झालेल्या या मोठ्या गटात त्या भागातला समाज रास्त प्रमाणात दिसायला हवा, हा आरोपीचा सहाव्या घटनादुरुस्तीखालचा हक्क. लुइझियानात एके काळी बाईनं स्वतः लेखी कळवल्याशिवाय तिचं नाव ज्युरीच्या यादीत जातच नसे. ज्युरीसाठी पात्र लोकांत बायका 53 टक्के होत्या, यादीत जेमतेम 10 टक्के. 1975 मध्ये ‘टेलर विरुद्ध लुइझियाना’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. तक्रार करणारा आरोपी पुरुष होता, तरी त्याचं म्हणणं ग्राह्य धरलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे, आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते: शेवटच्या 12 जणांत समाजाचं हुबेहूब प्रतिबिंब असलंच पाहिजे, असा हक्क कुणालाही नाही.

गळती किती गुपचूप होते, हे कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डवरून कळतं. संगणकात शहराच्या नावासाठी अक्षरं कमी पडली आणि इंग्रजीतल्या ‘हार्टफर्ड’चं शेवटचं ‘डी’ शेजारच्या रकान्यात सरकलं. त्या रकान्यात ‘डी’चा अर्थ होता ‘मयत’. सगळं शहर संगणकाच्या लेखी मेलं आणि तिथं एकालाही समन्स गेलं नाही. शेजारच्या न्यू ब्रिटनची नावंही यादीत उतरली नव्हती. त्या विभागातले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक याच दोन शहरांत राहत होते. कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं, तरी 1992 मध्ये संघीय न्यायालयानं हक्काचा भंग झाल्याचं मान्य केलं.

या दाव्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही. 1979 च्या ‘ड्युरेन विरुद्ध मिझुरी’ निकालानं तीन गोष्टी मागितल्या: वगळलेला गट समाजात वेगळा ओळखू येणारा असावा, त्याचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं रास्त नसावं, आणि त्याचं कारण निवडीच्या पद्धतीतच असावं. हे दाखवलं, की तशी पद्धत ठेवण्याचं सबळ कारण सरकारला द्यावं लागतं.

गाळणं घडतं भर कोर्टात. दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठरावीक संख्येनं, कारण न सांगता, नावं गाळता येतात. केंटकीतल्या बॅटसन नावाच्या कृष्णवर्णीय आरोपीच्या खटल्यात सरकारी वकिलानं हजर असलेले चारही कृष्णवर्णीय असेच गाळले. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वंशावरून नाव गाळणं हा चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या समान संरक्षणाचा भंग आहे. 1994 मध्ये हाच नियम लिंगालाही लागू झाला. बचाव पक्षानं संशयाला जागा दाखवली की सरकारी वकिलानं तटस्थ, म्हणजे वंशाशी किंवा लिंगाशी संबंध नसलेलं, कारण द्यायचं, आणि ते खरं की बनावट हे न्यायाधीशानं ठरवायचं. इथं हेतूच सिद्ध करावा लागतो, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. 1995 मध्ये लांब केस आणि दाढी हे कारणसुद्धा तटस्थ म्हणून चाललं. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला. या सहा खटल्यांत मिळून सरकार पक्षानं 42 पैकी 41 कृष्णवर्णीय गाळले होते, तेव्हा कुठे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाव्या खटल्यातली शिक्षा रद्द केली.

एका दाव्याचा पुरावा दुसऱ्यात नुसता उचलून ठेवला तर भागत नाही. वकिलानं नावं गाळली म्हणून सहाव्या दुरुस्तीचा आधार घेता येत नाही, हे 1990 च्या ‘हॉलंड विरुद्ध इलिनॉय’ निकालानं स्पष्ट केलं. उलट, यादीतच कृष्णवर्णीय नसतील तर बॅटसनचा नियम निरुपयोगी, कारण गाळायला कुणी उरलेलंच नसतं. गाळण्यावर हरकत घ्यायची ती तिथल्या तिथे, ज्युरीची शपथ होण्याआधी. गळतीसाठी मात्र महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी तपासाव्या लागतात. संघीय खटल्यांत त्या पाहण्याचा हक्क 1968 च्या कायद्यानं पक्षकारांना दिला आहे, आणि वकिलांनी तो जितका वापरायला हवा तितका वापरत नाहीत असं मला वाटतं. गाळलेला माणूस निदान डोळ्यांसमोर उठून जातो, हार्टफर्डच्या लोकांची अनुपस्थिती कुणाला दिसणार होती?

सुधारणांकडे पाहतानाही हाच फरक लागतो. अ‍ॅरिझोनानं 1 जानेवारी 2022 पासून कारण न सांगता नावं गाळणंच बंद केलं. वॉशिंग्टन राज्यानं 2018 मध्ये नियम केला, की गाळण्यामागे जाणूनबुजून भेदभाव होता हे सिद्ध करायची गरज नाही. दोन्ही पावलं मला योग्य वाटतात, पण त्यांनी यादी सुधारत नाही. त्यासाठी मतदार यादीला इतर याद्या जोडणं, घर बदलल्यामुळे परत आलेल्या समन्सच्या बदल्यात त्याच पोस्टल कोडमधल्या दुसऱ्या कुणाला समन्स पाठवणं, अशी कारकुनी कामं लागतात. आणि पैसाही लागतो. रोजंदारी बुडवून येणं ज्याला परवडत नाही त्याला समन्स मिळूनही तो गळतोच. 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं कमी उत्पन्नाच्या ज्युरी सदस्यांना दिवसाला 100 डॉलर द्यायला सुरुवात केली, ती हीच गळती थांबवण्यासाठी.