पाणी अडवणारी इमारत आणि पाणी सोसणारी इमारत

शहरातल्या नदीकाठी इमारत उभी राहते तेव्हा तिच्या कागदपत्रांत कुठेतरी ‘पूरप्रतिबंधक बांधकाम’ असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला धीर येतो. पण या एका शब्दाखाली दोन अगदी उलट कामं दडलेली आहेत. एकात पुराचं पाणी उंबऱ्याबाहेर थोपवायचं असतं. दुसऱ्यात ते आत येऊ द्यायचं, जायला वाट ठेवायची आणि ओसरल्यावर धुऊन-वाळवून जागा पुन्हा वापरायची. पहिलीला मी अडवणारी इमारत म्हणतो, दुसरीला सोसणारी. दोघींचं साहित्य वेगळं, हिशेब वेगळा आणि दगा देण्याची तऱ्हाही वेगळी.

सर्वांत जास्त हाल होतात ते दोन्हींची सरमिसळ झालेल्या इमारतींचे. भिंत पाणी अडवायला केलेली, पण दार साधं लाकडी. किंवा तळमजल्यावर पाणी येणार हे मान्य, आणि मीटरचा बोर्ड मात्र कमरेच्या उंचीवर. अशा इमारतीवर खर्च दोन्हीकडचा होतो आणि उपयोग कशाचाच होत नाही.

वॉटरप्रूफिंगचा गैरसमज आधी बाजूला ठेवू. गच्चीवर किंवा न्हाणीघरात करतात ते वॉटरप्रूफिंग ओल थांबवतं. पुराचं पाणी म्हणजे नुसती ओल नव्हे, त्याला वजन असतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. भिंतीला एक मीटर पाणी टेकलं की भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा आडवा रेटा येतो. पाणी दोन मीटर झालं की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे दोन टन. भिंतीला मुळापासून उलथवू पाहणारा जोर तर आठपट होतो. कारण साधं आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, तो दाब झेलणारी भिंतही वाढलेली असते आणि त्या रेट्याचा मध्यही पायापासून वर सरकलेला असतो. गुडघ्याएवढं पाणी मुकाट्याने झेलणारी विटांची भिंत छातीएवढ्या पाण्यात आडवी का होते, ते यातून कळतं. त्या भिंतीची आखणी वरचं ओझं खाली नेण्यासाठी झालेली असते, बाजूने येणाऱ्या रेट्यासाठी नाही.

खालून येणारा जोर त्याहून फसवा, कारण तो दिसत नाही. नदी चढली की काठची जमीन पाणी पिते आणि भूजल वर येतं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तळघराच्या तळापासून दोन मीटर उंच पाणी आजूबाजूच्या मातीत चढलं, तर ते तळघराला सुमारे २०० टनांच्या जोराने वर ढकलतं. वर पुरेसे मजले नसतील किंवा तळ जमिनीला नीट जखडलेला नसेल, तर कोरडं तळघर नावेसारखं तरंगू पाहतं. ही भीती कागदी नाही. १९९३ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या बॉन शहरात ऱ्हाइन नदीला पूर आला, तेव्हा संसदेच्या कार्यालयांसाठी एक मोठी इमारत तिथे बांधली जात होती. शूरमान-बाऊ म्हणून ती ओळखली जाते. खोदकामाची कडा आणि इमारत यांच्यामधल्या फटीतून पाणी खाली शिरलं आणि काँक्रीटच्या त्या अवजड सांगाड्याचे काही भाग सुमारे ७० सेंटीमीटर वर उचलले गेले. पुढे ती इमारत दुरुस्त व्हायला कित्येक वर्षं गेली. आज तिथे डॉइचे वेले या प्रसारण संस्थेचं मुख्यालय आहे. बांधकाम अर्ध्यावर असताना इमारतीचं वजन पूर्ण भरलेलं नसतं, म्हणून पावसाळ्यात नदीकाठी उघडं पडलेलं तळघर हा त्या कामाचा सर्वांत नाजूक काळ.

म्हणजे अडवणं चुकीचं आहे का? मुळीच नाही. पाणी उथळ असेल, काही तासांत ओसरणारं असेल आणि ते येतंय हे पुरेसं आधी कळत असेल, तर अडवण्यासारखा दुसरा उपाय नाही. आतलं सामान कोरडं राहतं, गाळ काढावा लागत नाही, दुसऱ्या दिवशी दार उघडता येतं. प्रश्न आहे तो मर्यादेचा. इंग्लंडमधल्या मार्गदर्शनात साधारण ६० सेंटीमीटरपर्यंत पाणी बाहेर ठेवायचा प्रयत्न करावा आणि त्यापुढे ते आत येऊ द्यावं असा संकेत आहे. अमेरिकेत साध्या भिंतींच्या इमारतीसाठी ही मर्यादा सुमारे तीन फूट धरतात. आकडे थोडे वेगळे, पण अर्थ एकच: मांडीच्या वर पाणी गेलं की ते बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेणं इमारतीसाठी सुरक्षित. आत आणि बाहेर पाणी सारख्या उंचीवर असलं की भिंतीच्या दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना मारतात आणि भिंत उभी राहते. घरात आलेलं पाणी बघून जीव तुटतो, पण तेच पाणी त्या वेळी भिंतीला आतून टेकू देत असतं.

अडवणाऱ्या इमारतीची खरी परीक्षा भिंतीत होत नाही, भोकांत होते. दारात बसवायची अॅल्युमिनियमची फळी घ्या. चौकटीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यांत फळ्या एकावर एक सरकवायच्या, खाली रबराची पट्टी, वरून स्क्रूने दाबून घट्ट करायचं. खाचेत वाळूचे चार कण असले, रबर उन्हाने कडक झालेलं असलं किंवा उंबरा एका कोपऱ्यात बोटभर झिजलेला असला, तर तिथून पाणी येणारच. थोडी गळती धरलेली असते, म्हणून आत पंप हवा. पंपाला वीज हवी. आणि पुरात आधी जाते ती वीजच. बॅटरी किंवा जनरेटर पूरपातळीच्या वर नसेल, तर आतला पंप ही निव्वळ शोभेची वस्तू.

मग केबल. रस्त्यावरून येणारी विजेची आणि इंटरनेटची केबल जमिनीखालच्या पाइपातून तळघरात शिरते. भिंतीत केलेलं भोक केबलपेक्षा मोठं असतं आणि उरलेली जागा कुणीतरी गोणपाट किंवा सिमेंटचा लगदा कोंबून बुजवलेली असते. सगळी भिंत उत्तम, आणि पाणी त्या मूठभर भोकातून पिचकारीसारखं आत. तपासणी करायची तर माझ्या मते सर्वांत आधी तिथे टॉर्च मारावी.

आणि मग तो रस्ता, जो लोकांना सुचतच नाही: संडास. नदी चढली की रस्त्याखालची ड्रेनेजची वाहिनी तुडुंब भरते आणि उलटी वाहू लागते. तळमजल्याच्या न्हाणीतली जाळी आणि कमोड हे तिचे सर्वांत खालचे तोंड. सगळी दारं बंद, फळ्या चोख, आणि मैलापाणी घराच्या मध्यातून वर येतं. यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लागतो आणि तो नियमित साफ करावा लागतो, कारण त्याच्या झडपेत एखादी चिंधी अडकली तरी ती पूर्ण मिटत नाही.

सोसणाऱ्या इमारतीकडे वळलं की प्रश्नच बदलतात. इथे पाणी येणार हे गृहीत आहे. ते झटपट आत यायला हवं आणि झटपट बाहेर जायला हवं. त्यासाठी भिंतीत जमिनीलगत झरोके ठेवतात. अमेरिकेतल्या नियमांनुसार बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटामागे एक चौरस इंच उघडी जागा, निदान दोन झरोके, आणि त्यांची खालची कड जमिनीपासून एक फुटाच्या आत. हजार चौरस फुटांच्या बंदिस्त तळमजल्याला म्हणजे साधारण सात चौरस फूट झरोके. पाणी आपसूक आत-बाहेर व्हावं, कुणाला येऊन खिडकी उघडावी लागू नये, ही त्यातली मुख्य अट आहे. पूर रात्री दोनला येतो. त्याच नियमांत नव्या राहत्या घराचा राहता मजला पूरपातळीच्या वर हवा, नुसतं पाणी अडवण्याच्या भरवशावर तो खाली ठेवता येत नाही. खाली फक्त पार्किंग, जिना आणि अडगळ. मला हा नियम पटतो. दुकानाची फळी बसवायला कामगार असतात. घरात एखादी म्हातारी एकटी असू शकते.

साहित्याची निवड इथे कळीची. जिप्सम बोर्ड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि स्वस्त प्लायवूड पाणी शोषून फुगतात आणि फेकावेच लागतात. सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा, काँक्रीट, फरशी, धातूच्या किंवा चांगल्या लाकडाच्या चौकटी धुता येतात. पोकळ भिंती टाळाव्यात. बाहेरून कोरडी दिसणारी पोकळी आत महिनाभर गाळपाणी धरून ठेवते. भिंतीला दोन्ही बाजूंनी चकचकीत टाइल लावली की ती पुसायला सोपी वाटते, पण मधली वीट वाळायला जागाच राहत नाही आणि काही महिन्यांनी टाइलच्या वरच्या काठाला लोणा फुटतो. विजेच्या तारा वरून खाली आणायच्या, प्लग पूरपातळीच्या वर, तळमजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे ते बंद करून वरचे मजले चालू ठेवता येतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाण्याची जाणीव देणारा स्विच असावा, नाहीतर कुणीतरी बटण दाबतो आणि लिफ्ट सरळ पाण्यात उतरते. रिकाम्या टाक्या जखडायच्या, कारण त्या तरंगून पाइप तोडतात.

आणि पाणी ओसरल्यावरची घाई. भरलेलं तळघर एका दमात उपसून टाकावंसं वाटतं. पण बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, आतला टेकू गेला की भिंती आत कोसळू शकतात. थोडं उपसायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची, रात्रभर थांबायचं. सकाळी पाणी खुणेच्या वर आलेलं दिसलं, तर बाहेरचं भूजल अजून उतरलेलं नाही.

या दोघींमधला आणखी एक फरक कुंपणाबाहेरचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अडवणारी इमारत पाण्याची जागा घेते. ५०० चौरस मीटरची इमारत एक मीटर पाणी बाहेर ठेवते, तेव्हा ५०० घनमीटर पाणी दुसरीकडे जातं. २,००० चौरस मीटरचा प्लॉट मीटरभर भराव टाकून उंच केला, तर २,००० घनमीटर. एकट्या प्लॉटचा परिणाम नदीत मोजता येणार नाही इतका छोटा असतो, म्हणूनच प्रत्येकाला आपला भराव निरुपद्रवी वाटतो. काठच्या दोनशे प्लॉटांनी तेच केलं की पूर समोरच्या काठावरच्या घरांत चढतो. सोसणारी इमारत नदीला तिची जागा तात्पुरती परत देते. वाहत्या प्रवाहाच्या पट्ट्यात मात्र दोन्ही प्रकार निकामी. तिथे वेगाने येणारे ओंडके आणि पायाखालची धुपणारी माती कोणत्याच हिशेबात बसत नाही. तिथे बांधूच नये.

निवड करताना पूर किती वेळ टिकतो आणि किती आधी कळतो हे पूरपातळीइतकंच महत्त्वाचं. मोठ्या नदीचा पूर दिवसेंदिवस चढतो, त्याची खबर मिळते, पण तो टिकतोही. छोट्या शहरी नदीचा पूर ढगफुटीनंतर तासाभरात येतो. तिथे फळ्या बसवायला वेळच नसतो. ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरात १९९३ च्या डिसेंबरात पाणी १०.६३ मीटरपर्यंत चढलं आणि १९९५ च्या जानेवारीत १०.६९ मीटरपर्यंत, म्हणजे किंचित जास्तच. तरी दुसऱ्या पुरातलं नुकसान पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. नदी तीच, इमारतीही बहुतेक त्याच. लोकांना आता कळलं होतं की खाली काय ठेवायचं नाही आणि खबर आली की काय वर न्यायचं.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनीही फसू नये. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारांत एक.

दोन्ही तऱ्हा एकाच ठिकाणी नांदू शकतात, पण सीमा स्पष्ट आखली तरच. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये एल्बे नदीकाठी, मुख्य बांधाच्या बाहेर, हाफेनसिटी ही नवी वस्ती उभी राहिली आहे. तिथल्या इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच चौथऱ्यांवर आहेत. त्याखालचे पाण्यालगतचे फिरायचे रस्ते वादळी भरतीत बुडू देतात, ते बुडण्यासाठीच केले आहेत. चौथऱ्यांच्या आतल्या पार्किंगला मात्र पूरदरवाजे आहेत. कुठे पाण्याला ‘ये’ म्हणायचं आणि कुठे ‘नको’ म्हणायचं, हे जमिनीच्या उंचीवरच लिहिलेलं आहे.

आपल्या इमारतीत ती सीमा सहसा फक्त आर्किटेक्टच्या डोक्यात असते. दहा वर्षांनी खालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये कुणीतरी ऑफिस थाटतं. उंदीर येतात म्हणून झरोके विटांनी बुजवतं, छान दार बसवतं, विजेचे प्लग खालीच बसवतं. सोसणारी इमारत तशी अर्धवट अडवणारी होते आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून पूरपातळीची रेघ नकाशावर नुसती न ठेवता जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने ओढावी, झरोक्यांशेजारी ‘बुजवू नये’ असं लिहावं, आणि इमारतीचा ताबा देताना कोणता भाग पाणी अडवतो आणि कोणता सोसतो याचा एक पानी नकाशा सोसायटीच्या हाती द्यावा.