२१४७४८३६४७ (मूळ संख्या)

२,१४,७४,८३,६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही दोनाच्या एकतिसाव्या घातातून १ वजा केल्यावर येणारी मूळ संख्या. द्विमान पद्धतीत ती ओळीने ३१ एकांनी लिहिली जाते. दोनाच्या घाताहून एकाने लहान असणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यांत हिचा क्रमांक आठवा. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा घातांची यादी दिली होती. त्यातले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे निघाले, ६१, ८९ आणि १०७ यादीत यायचेच राहिले होते. ३१ मात्र टिकला.

तो का टिकला, हे स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवले. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. संख्येचे वर्गमूळ ४६३४० च्या थोडे पुढे जाते. तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे तर सुमारे ४८०० भागाकार करावे लागले असते. पण या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला ६२ ने भागून बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी जुळवल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणारेच उमेदवार राहतात. असे उमेदवार फार तर ३७३, आणि त्यांतही बरेच मूळ नसल्याने आपोआप गळतात: २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने. पहिला खरा उमेदवार ३११. त्याने भागल्यास बाकी ३५ उरते. पुढचा थेट १३०३, तिथे बाकी २२६. निःशेष भाग शेवटपर्यंत कुठेच जात नाही.

हिला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडण्याचा संभव नाही, कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एद्वार लुका यांनी दोनाच्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यावरही मूळ संख्याच येते हे सिद्ध केले, तेव्हा ३९ अंकी मर्सेन मूळ संख्याच हाती आली आणि तिच्यावरून याहून मोठी परिपूर्ण संख्याही.

उपयोगाबद्दलही बार्लो यांचा अंदाज चुकला. संगणकातल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही दाखवणाऱ्या) पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या संगणक प्रणालींचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या आकड्यावर पोचेल. पुढच्या सेकंदाला मोजणी ऋण होऊन तारीख १९०१ मध्ये जाते. या मर्यादेचा मूळ असण्याशी काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या एका जुन्या पद्धतीत मात्र मूळपणच कामाला येते: आधीच्या संख्येला १६८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने, गुणायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून उरलेली बाकी पुढची संख्या धरायची. १ पासून निघालात तर २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्यावरच १ परत दिसतो.