जनावरांची औषधे: डोस किती, परिणाम काय, दूध कधी बंद ठेवायचे

बाटलीवरची अक्षरे बारीक असतात आणि गोठ्यात उजेड कमी असतो. त्यामुळे औषध देताना जे हमखास चुकते तेवढे इथे मोठ्या अक्षरांत छापले आहे. हा कागद गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवा. यातली बहुतेक औषधे पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवरच मिळतात आणि तसेच असायला हवे. कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. ते दिल्यावर शरीरात काय होते आणि काय सांभाळायचे, ते आम्ही औषध दुकानवाले सांगतो.

आधी वजन

डोस किलोवर ठरतो आणि नजरेचा अंदाज सहज ५०-६० किलोंनी चुकतो. शिंप्याकडे असते तशी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ६८ इंच आणि लांबी ५८ इंच असेल तर गाय साधारण ४०६ किलोंची. शेवटच्या महिन्यातल्या गाभण गाईचे पोट या हिशेबात फसवते, तेव्हा तसे डॉक्टरांना सांगा.

दुसरी चूक बाटलीच्या ताकदीची. मेलोक्सिकॅम या ताप-वेदनेच्या औषधाचे इंजेक्शन मिलीला ५ मिलीग्रॅमचे येते आणि २० मिलीग्रॅमचेही येते. डॉक्टरांनी किलोमागे ०.५ मिलीग्रॅम लिहिले असेल, तर ४०० किलोंच्या गाईला २०० मिलीग्रॅम लागतात. ते पहिल्या बाटलीतून ४० मिली होतात, दुसरीतून १० मिली. मागच्या वेळी किती मिली दिले होते ते आठवून सिरिंज भरू नका. लेबल वाचून भरा.

ताप-वेदनेची इंजेक्शने

सर्वांत जास्त मागणी यांचीच, आणि सर्वांत जास्त गैरवापरही यांचाच. दुखापत किंवा जंतुसंसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. सूज, ताप आणि वेदना त्यांच्यामुळे वाढतात. मेलोक्सिकॅम आणि त्याच्या जातीची औषधे ती तयार होणे रोखतात, म्हणून काही तासांत जनावर रवंथ करू लागते. पण हीच रसायने चौथ्या पोटाच्या अस्तराचे रक्षण करतात आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात किडनीचा रक्तपुरवठा टिकवतात. दुष्परिणाम तिथूनच येतात. हगवणीने सुकलेल्या वासराला आधी पाणी आणि मीठ-साखरेचे द्रावण भरून निघाले पाहिजे, नाहीतर हे इंजेक्शन किडनीवर जाते. शेण डांबरासारखे काळे आणि चिकट दिसले तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. औषध थांबवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

मेलोक्सिकॅम शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून सकाळी दिलेले संध्याकाळी पुन्हा द्यायचे नसते. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडबरोबरही ते एकत्र देऊ नये, कारण दोन्ही मिळून पोटात व्रण पाडतात. स्टेरॉइडचे आणखी एक: गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात त्याने गर्भ पडू शकतो. ताप पटकन उतरतो म्हणून ते मागणारे बरेच असतात. गाय किती महिन्यांची गाभण आहे ते विचारल्याशिवाय आणि चिठ्ठीशिवाय आम्ही ते देत नाही.

डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६पासून बंद आहे. केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक २०२३मध्ये बंद झाले, निमेसुलाइड २०२४च्या अखेरीस. कारण गिधाडे. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर थोड्या दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची किडनी बंद पडते. युरिक ॲसिड बाहेर पडत नाही आणि आतल्या अवयवांवर पांढऱ्या थरासारखे साचते. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे यामुळे शंभरातली एकही धड उरली नाहीत. माणसांची डायक्लोफेनॅकची मोठी बाटली गोठ्यात जाऊ लागली, म्हणून २०१५पासून तिची कुपी ३ मिलीपुरतीच ठेवली गेली. रायगड, नाशिक आणि गडचिरोलीत अजून गिधाडे आहेत. त्यांच्यासाठी मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड सुरक्षित ठरली आहेत. माणसांची इंजेक्शने जनावरासाठी आमच्याकडे मागू नका.

कासेत सोडायची ट्यूब आणि दुधाचा हिशेब

दगडी (कासदाह, म्हणजे कासेची सूज) झाली की औषधाची ट्यूब सोडायची हे सगळ्यांना माहीत आहे. ती कशी सोडायची यात चुका होतात आणि बाहेरचे जंतू ट्यूबबरोबर आत ढकलले जातात. आधी सड पूर्ण पिळून रिकामा करा, कारण गाठी आणि पू आत राहिला तर औषध त्यातच अडकते. हात धुवा. सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा, प्रत्येक सडाला नवा बोळा, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. एकाहून जास्त सडांत सोडायची असेल तर पुसताना आधी लांबचे सड घ्या, मग जवळचे. सोडताना उलट, आधी जवळचे आणि मग लांबचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. नळी तीन-चार मिलीमीटरच आत घाला. पूर्ण खुपसली तर सडाच्या छिद्राचे आतले अस्तर खरवडते. औषध सडातून कासेकडे वर चोळा, सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढ्यात चारा टाका, म्हणजे गाय अर्धा तास तरी खाली बसणार नाही.

दूध साफ दिसले म्हणून उरलेल्या ट्यूब खणात टाकू नका. गाठी आधी जातात, जंतू नंतर मरतात. अर्धवट सोडलेला कासदाह पुन्हा उलटतो आणि तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

आता दूध. प्रत्येक पाकिटावर दूध किती तास विकायचे नाही ते लिहिलेले असते. बऱ्याच ट्यूबवर ७२ तास असतात, काहींवर जास्त. हे तास शेवटच्या ट्यूबपासून मोजायचे. सोमवारी संध्याकाळी शेवटची सोडली आणि पाकिटावर ७२ लिहिले असेल, तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत दूध बाजूला ठेवायचे. एकाच सडात सोडली असली तरी चारही सडांचे, कारण औषध रक्तात उतरते आणि रक्तातून बाकीच्या सडांत येते. उकळल्याने बहुतेक औषधे जात नाहीत. एका गाईचे दूध ४० लिटरच्या कॅनमध्ये मिसळले तर सगळा कॅन खराब होतो. विरजण लावूनही दही लागले नाही तर शंका घ्या, कारण दह्याचे जंतू अशा दुधात वाढत नाहीत. पण दही लागले म्हणजे दूध शुद्ध, असा उलटा निष्कर्ष काढू नका. हे दूध वासरालाही पाजू नये. थोड्या थोड्या औषधावर वाढलेले त्याच्या पोटातले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत.

इंजेक्शनने दिलेली प्रतिजैविके दुधात येतातच, त्यांचेही तास पाहा. मेलोक्सिकॅमलाही हा नियम आहे. युरोपात त्यासाठी दूध ५ दिवस बाजूला ठेवतात. इंजेक्शनची तारीख आणि वेळ दावणीजवळ खडूने लिहा. गाईच्या मागच्या पायाला रंगीत फडके बांधा, म्हणजे धार काढणारा बदलला तरी घोळ होत नाही.

कॅल्शियमची बाटली

व्याल्यानंतर गाय बसली, मान एका बाजूला वळली, कान गार पडले, म्हणजे रक्तातले कॅल्शियम उतरले. नाव मिल्क फिव्हर, पण अंग तापत नाही, उलट गार पडते. यावर ४५० मिलीची कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली शिरेतून देतात आणि गाय बघता बघता उठते. त्यामुळे अनेकांना हे सोपे काम वाटते. कॅल्शियम थेट हृदयाच्या स्नायूवर काम करते. बाटली वेगाने उतरली तर ठोके अडखळतात आणि गाय जागेवर मरू शकते. बाटली कोमट करून, १५ ते २० मिनिटे घेऊन, हृदयाचे ठोके ऐकतच ती द्यायची असते. म्हणून हे काम डॉक्टरांचेच. ते येईपर्यंत गाईला छातीवर बसवून दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या गंज्या लावा. तोंडाने काही पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असते आणि पाजलेले फुप्फुसात उतरते. उठल्यावर पहिला दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, कारण प्रत्येक धारेबरोबर कॅल्शियम जाते.

जंत आणि गोचीड

आयव्हरमेक्टिन १ टक्क्याचे इंजेक्शन ५० किलोंना १ मिली, कातडीखाली. दुभत्या जनावराला नाही. ते चरबीत साठते आणि दुधातून कित्येक दिवस येत राहते. अल्बेंडाझोल गाभ राहिल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात टाळा, गर्भात व्यंग येऊ शकते. तेव्हा फेनबेंडाझोल विचारा. पाजताना डोके जमिनीला समांतर ठेवा, ठसका लागला की लगेच सोडा.

गोचिडांवरचे १२.५ टक्क्यांचे अमिट्राझ लिटरभर पाण्यात २ मिली पुरते. घोड्याला ते लावू नका, आतडी थंडावतात आणि पोट धरते. गोचिडांची औषधे मांजराच्या अंगाला लागू देऊ नका, विशेषतः परमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन. मांजराला पॅरासिटामॉल आणि कुत्र्याला आयबुप्रोफेन घरच्या डब्यातून कधीच नाही.

पान्हा सोडवण्यासाठी ऑक्सिटोसिन आम्ही विकत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२नुसार असे इंजेक्शन देणे गुन्हा आहे.

इंजेक्शननंतर

अर्धा तास जनावराजवळ थांबा. डोळ्यांभोवती सूज, तोंडाला फेस, धाप किंवा अंगावर गांधी दिसल्या तर ती ॲलर्जी आहे. हे मिनिटांत वाढते. डॉक्टरांना फोनवर औषधाचे नाव, दिलेली वेळ आणि किती मिली दिले, हे तिन्ही सांगा. त्यासाठी रिकामी बाटली टाकून देऊ नका. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा. बहुतेक बाटल्या २८ दिवसांनंतर वापरायच्या नसतात. पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेली बाटली उन्हाळ्यात त्याआधीच बिघडते. घरात, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. मुदत संपलेल्या बाटल्या आणि वापरलेल्या सुया दुकानात आणून द्या, उकिरड्यावर टाकू नका.